धरून राहणारा ब्रेक

मोटारीच्या दोषांपैकी ब्रेक न लागणे या दोषाची धास्ती सर्वांनाच असते आणि ती योग्यही आहे. कारण वेग आवरता न येणारे वाहन आतल्या माणसांस व रस्त्यावरच्या माणसांस सारखेच घातक होय. परंतु ब्रेकच्या कर्तव्याचा जो दुसरा अर्धा भाग, म्हणजे पेडलवरचा पाय उचलताच चाकाला निःशेष मोकळे करणे, त्याच्याकडे मालकाचे, चालकाचे आणि पुष्कळदा दुरुस्ती करणाराचेही लक्ष फार उशिरा जाते. गाडी थांबते आहे त्याअर्थी ब्रेक उत्तम आहेत असा सर्वसाधारण समज असल्यामुळे अर्धवट धरून राहिलेला ब्रेक महिनोन्‌महिने पेट्रोल खात, लायनर झिजवत आणि ड्रम तापवत राहतो, व ज्या दिवशी मागच्या चाकातून धूर निघतो किंवा घाट उतरताना पेडल अकस्मात पोकळ लागते त्या दिवशीच त्याचा बोभाटा होतो.

या दोषाचे सूत्र आरंभीच सांगितले म्हणजे पुढील तपशील लावून घेणे सोपे जाईल. ब्रेक लावणारी शक्ती प्रचंड असते. ब्रेक सोडवणारी शक्ती मात्र अगदी बेताची असते. दोन-तीन स्प्रिंगा, रबराचा थोडासा लवचिकपणा आणि तेलाला माघारी जाण्यासाठी ठेवलेले एक बारीक छिद्र, एवढ्यांवरच सुटकेचा सारा भार असतो. त्यामुळे गंज, धूळ, फुगलेले रबर किंवा चुकीचा जुळवलेला एखादा भाग वाटेत आला तर तो लावणाऱ्या शक्तीला जाणवतसुद्धा नाही, पण सोडवणाऱ्या शक्तीला पुरता अडवून धरतो. चिकटणाऱ्या ब्रेकचा तपास म्हणजे सुटकेच्या या वाटेवर अडथळा नेमका कोठे उभा आहे याचा तपास होय, आणि तो क्रमाने केला तर एकही सुटा भाग विकत घेण्यापूर्वी दोषाचे स्थान निश्चित करता येते.

उष्णतेचा हिशेब

ब्रेक हे तत्त्वतः गतीचे उष्णतेत रूपांतर करणारे यंत्र आहे, आणि म्हणून ब्रेक तापणे हा स्वतः काही दोष नव्हे. १,००० किलोग्रॅम वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असता तिच्या ठायी सुमारे १ लाख ३९ हजार जूल गतिज ऊर्जा असते. ती थांबवताना यातील बहुतेक सर्व ऊर्जा ड्रममध्ये व डिस्कमध्ये उष्णतेच्या रूपाने उतरते आणि मग वाऱ्याबरोबर निघून जाते. वेग दुप्पट झाला की हीच ऊर्जा चौपट होते. बोरघाटात खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरणारी तीच गाडी सुमारे ५०० मीटर उंची गमावते. तेवढ्या उतरंडीत मुक्त होणारी ऊर्जा ४९ लाख जूल, म्हणजे ताशी ६० च्या वेगावरून पस्तीस वेळा गाडी थांबवण्याइतकी भरते. तिचा काही वाटा हवेचा अवरोध व खालच्या गिअरमध्ये ठेवलेले इंजिन उचलते, उरलेला ब्रेकना सोसावा लागतो. घाटात इंजिनाच्या आधाराने उतरावे हा जुन्या चालकांचा शिरस्ता या हिशेबावरच उभा आहे.

आता चिकटलेल्या ब्रेकचा हिशेब पाहू. समजा, मागच्या एका चाकाचा ब्रेक अगदी किंचित धरून राहिला आहे आणि त्याचा टायरच्या परिघावरचा अवरोध अवघ्या १० किलोग्रॅम भाराइतका आहे. इतका अवरोध इंजिनाला सहज ओढता येतो आणि चालकाच्या लक्षातही येत नाही. परंतु ताशी ६० च्या वेगाला त्या एका चाकात दर सेकंदास सुमारे १,६०० जूल उष्णता निर्माण होते. घरी बादलीतले पाणी तापवण्याची विजेची कांडी सतत चालू ठेवून ती ड्रममध्ये बसवावी तसाच हा प्रकार. दहा मिनिटांत ही उष्णता सुमारे १० लाख जूल होते. थांबवताना गाडीचा भार पुढे झुकत असल्यामुळे मागच्या एका चाकाच्या वाट्याला एरवी एकूण ऊर्जेचा सहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी भाग येतो. त्या मानाने पाहता त्या बिचाऱ्या चाकाला दहा मिनिटांत चाळीसहून अधिक वेळा गाडी थांबवल्याचे कष्ट पडतात, आणि मध्ये थंड होण्याची उसंत तर मुळीच मिळत नाही.

या उष्णतेचा शेवट केवळ लायनर जळण्यात होत नाही. बेअरिंगमधील ग्रीस पातळ होऊन बाहेर पडते, तेलरोधक रबरी सील कडक होते, स्प्रिंगा आपला ताण गमावतात, आणि सर्वांत भयंकर म्हणजे ब्रेक ऑइल उकळू लागते. हे द्रव्य हवेतील ओलावा शोषून घेणारे आहे. डॉट ३ प्रतीच्या कोऱ्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असला पाहिजे असा दंडक आहे. परंतु त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. डॉट ४ च्या बाबतीत हेच आकडे २३० व १५५ असे आहेत. तेल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबाखाली आकसते, आणि पेडल तळाला जाऊनही चाकांपर्यंत जोर पोहोचत नाही. सुटत नसलेला ब्रेक अशा रीतीने अखेर न लागणारा ब्रेक होतो.

ब्रेक सुटतो कसा

चाकाच्या आत फाकणाऱ्या दोन शूंचा ड्रम ब्रेक फ्रान्समध्ये लुई रेनो याने १९०२ च्या सुमारास प्रचारात आणला, आणि तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक चारही चाकांना लावलेली अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग ही गाडी १९२१ मध्ये बाजारात आली. त्यानंतर द्रव्ये सुधारली, दाब वाढवणारे बूस्टर आले, पुढच्या चाकांना डिस्क आल्या. तथापि आपल्याकडील बहुसंख्य लहान गाड्यांच्या मागच्या चाकांत आजही ड्रम व शू हीच मूळ रचना नांदत आहे.

चालकाने पेडलवर २० किलोग्रॅमचा भार दिला आणि पेडलच्या तरफेने तो पाचपट झाला, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १०० किलोग्रॅमचा भार पडतो. दट्ट्याचे क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर धरले तर तेलात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३३ किलोग्रॅम दाब उत्पन्न होतो, आणि सतराव्या शतकात पास्कलने सांगितलेल्या नियमानुसार तो प्रत्येक चाकातील व्हील सिलिंडरपर्यंत जसाच्या तसा पोहोचतो. बूस्टर असेल तर तो याहूनही पुष्कळ वाढतो. व्हील सिलिंडरचे दोन दट्टे दोन शूंना बाहेर ढकलतात, शूंवरचे लायनर ड्रमच्या आतील भिंतीस भिडते आणि चाक मंदावते.

पाय उचलल्यावर परतीचा प्रवास सुरू होतो. ताणलेल्या स्प्रिंगा शूंना आत ओढतात. शू दट्ट्यांना आत सारतात. दट्टे तेलाला होज पाइपातून व लोखंडी नळीतून माघारी लोटतात. आणि मास्टर सिलिंडरचा दट्ट्या आपल्या मूळ जागी पूर्णपणे परतल्यावर उघडे पडणारे ते बारीक छिद्र उरलेल्या तेलाला वरच्या टाकीत वाट देते. या साखळीतील प्रत्येक कडीला हलवण्याचे काम मघाच्या प्रचंड दाबाच्या तुलनेत नगण्य अशा स्प्रिंगांच्या ओढीलाच करावे लागते. याच शूंना हँडब्रेकची केबल स्वतंत्र मार्गाने फाकवत असते, म्हणून मागच्या चाकाच्या सुटकेला दोन वाटा आहेत, एक तेलाची व एक तारेची, आणि दोहोंपैकी कोणतीही अडली तरी चाक मोकळे होत नाही. पुढच्या चाकांपेक्षा मागच्या चाकांत हा दोष अधिक गुंतागुंतीचा होतो तो या दुहेरी अंमलामुळे.

लक्षणे

गाडी पूर्वीसारखी घरंगळत नाही, सपाट रस्त्यावर गिअर काढताच तिचा वेग लवकर मोडतो, पेट्रोलचा खप वाढतो, मागून करपल्यासारखा उग्र दर्प येतो आणि एका चाकाच्या रिमवर काळसर भुकटी इतरांपेक्षा जास्त साचते, ही प्राथमिक लक्षणे होत. खात्री करून घेण्यासाठी काही किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर शक्य तितका कमी ब्रेक वापरून जावे, शेवटी इंजिनाच्या आधाराने वा चढावर गाडी थांबू द्यावी, आणि खाली उतरून डाव्या व उजव्या चाकांची उष्णता ताडून पाहावी. हात रिमला न लावता जवळ धरावा. दुरून तापमान दाखवणारे छोटे यंत्र जवळ असल्यास फारच उत्तम. अमुक अंश म्हणजे दोष असा सरसकट फैसला करता येत नाही. एकाच आसावरील दोन चाकांमधील तफावत हाच येथे विश्वसनीय पुरावा होय.

दोष केव्हा प्रकट होतो हेही पुष्कळ सांगून जाते. रात्रभर पावसात उभी राहिलेली गाडी सकाळी हलत नाही आणि थोडा जोर देताच कट्ट असा आवाज होऊन मोकळी सुटते, तेव्हा लायनर व ड्रम गंजाने एकमेकांस चिकटलेले असतात. असा प्रकार क्वचित घडला तर त्यात चिंतेचे कारण नाही. सकाळी गाडी मोकळी धावते, परंतु पंधरा-वीस किलोमीटरनंतर हळूहळू जड होत जाते आणि थंड झाल्यावर पुन्हा ठीक होते, अशी तक्रार असेल तर संशय तेलाच्या वाटेवर घ्यावा; कारण तापलेले तेल प्रसरण पावते, त्याला टाकीकडे जाण्याची वाट बंद असल्यास ते पेडल न दाबताही ब्रेक लावते, त्याने उष्णता वाढते आणि वाढलेल्या उष्णतेने पुन्हा दाब वाढतो. हँडब्रेक ओढून ठेवल्यानंतरच चाक जड राहत असेल तर तारेची वाट प्रथम पाहावी. चाकातून घरघर येते, हलवून पाहता चाक खुळखुळते आणि उष्णता मधल्या हबपाशी अधिक जाणवते, तर दोष ब्रेकचा नसून बेअरिंगचा असण्याचा संभव मोठा आहे.

तपासाचा क्रम

तपास नेहमी सपाट व टणक जमिनीवर करावा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, मागची बाजू जॅकने उचलून भक्कम स्टँडवर टेकवावी आणि केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात वा मान घालू नये. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक पूर्ण सोडावा आणि दोन्ही चाके हाताने फिरवून पाहावीत. ड्रमच्या आत कोठे किंचित खरखर ऐकू येणे क्षम्य आहे. पण ढकलताच चाक एक-दोन फेरे सहज घेत नसेल तर ते धरलेले आहे असे समजावे. मागच्या चाकांना इंजिनाची शक्ती जाणाऱ्या गाडीत डिफरन्शियलचा थोडा जडपणा जमेस धरला पाहिजे.

किती चाके धरली आहेत, यावरून तपासाचे क्षेत्र आपोआप आखले जाते. एकच चाक धरले असेल तर कारण बहुधा त्या चाकात, त्याच्या होज पाइपात किंवा त्याच्या केबलमध्ये सापडते. मागची दोन्ही चाके धरली असतील तर हँडब्रेकची जुळणी आणि दोहोंस सामाईक असलेले भाग पाहावेत. अखंड धुरा असलेल्या पुष्कळ जुन्या गाड्यांत बॉडीपासून धुऱ्यापर्यंत एकच होज पाइप असतो आणि तो तुंबला की दोन्ही चाके एकदम अडतात. मागचे एक आणि पुढचे त्याच्या विरुद्ध बाजूचे, अशी तिरकी जोडी धरली असेल तर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांतील तिरप्या विभागणीचा एक भाग, म्हणजे मास्टर सिलिंडरची एक बाजू, दोषी असल्याचा तो इशारा होय. चारही चाके जड असतील तर मास्टर सिलिंडर, बूस्टर व पेडलची मोकळीक यांपलीकडे शोधण्याचे कारण सहसा उरत नाही.

चाक धरलेले आहे अशा अवस्थेतच पुढची निर्णायक परीक्षा करावयाची असते, आणि घाईने ड्रम उघडणारे दुरुस्तीकार हा पुरावा स्वतःच्या हाताने नष्ट करतात. त्या चाकामागील, एअर काढण्यासाठी असलेल्या निपलला पारदर्शक नळी लावून ते अर्धा फेरा सैल करावे. तेल जोराने उसळले आणि चाक तत्काळ मोकळे झाले, तर दाब आत कोंडून राहिला होता हे सिद्ध होते. तेल नुसते ठिबकले आणि चाक तसेच जड राहिले, तर तेलाची वाट निर्दोष ठरून दोष यांत्रिक, म्हणजे शू, स्प्रिंग, दट्ट्या, ॲडजस्टर किंवा केबल यांपैकी कोणाचा तरी आहे असे ठरते.

कोंडलेल्या दाबाचा माग आणखी वर नेता येतो. निपल आवळून पेडल पुन्हा दाबावे व सोडावे, म्हणजे चाक पूर्ववत धरेल. आता होज पाइपाच्या वरच्या टोकाशी असलेला लोखंडी नळीचा जोड, नटाला चपखल बसणाऱ्या पान्यानेच, किंचित सैल करावा. तेथे तेल सुटूनही चाक धरलेलेच राहिले तर अडथळा त्या जोडाच्या खाली, म्हणजे होज पाइपातच आहे. चाक मोकळे झाले तर होज पाइप निर्दोष असून दोष वर आहे. मग मास्टर सिलिंडर बूस्टरला धरून ठेवणारे दोन नट सैल करून तो काही मिलिमीटर पुढे ओढावा. तेवढ्याने ब्रेक सुटले तर दट्ट्याला ढकलणारी कांडी लांब जुळवलेली आहे आणि दट्ट्या आपल्या मूळ जागी परतूच शकत नाही, आणि तरीही सुटले नाहीत तर परतीचे छिद्र घाणीने किंवा फुगलेल्या रबरी कपाने बुजले आहे.

यांत्रिक बाजूची पहिली परीक्षा याहूनही सोपी आहे. हँडब्रेकची केबल चाकाजवळ सोडवावी. सोडवताच चाक फिरू लागले तर केबल अपराधी. न फिरले तर मात्र ड्रम काढण्यावाचून गत्यंतर नाही.

कारणे व इलाज

होज पाइपाचा दोष सर्वांत फसवा असतो, कारण बाहेरून तो धडधाकट दिसतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्याचा आतील थर फुगतो किंवा सुटून आत लोंबू लागतो, आणि मग तो एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपेचे काम करतो. जाताना प्रचंड दाबाचे तेल ती झडप सहज उघडते. परतताना स्प्रिंगांनी लोटलेले दुर्बल तेल तिच्यामागे अडकून पडते. व्हील सिलिंडर बदलला, शू बदलले, केबल बदलली आणि तरीही चाक तापतेच आहे, अशा कित्येक तक्रारींचे मूळ या नळीत असते. तिच्यावर इलाज एकच, नवी नळी. आणि एका बाजूची जीर्ण झाली असेल तर त्याच वयाची दुसरीही बदलणे शहाणपणाचे.

केबलचा दोष आपल्या हवेत विशेष आढळतो. बाहेरच्या वेष्टणाला चीर पडली की पावसाचे पाणी आत शिरते. कोकणपट्टीतील खारी हवा त्या गंजाला आणखी चेतवते. हाताच्या जोराने ओढली की तार येते, पण परत नेणारी स्प्रिंग तिला मागे सारू शकत नाही. एकाने हँडब्रेक लावावा व सोडावा आणि दुसऱ्याने चाकामागील टोकाकडे पाहावे, म्हणजे अडकलेली बाजू तेव्हाच ओळखू येते. वंगण घालून गंजलेली केबल काही दिवस चालवता येते, परंतु तो तात्पुरता उपाय होय. गंज आतून तारांचे पदर खात असतोच.

ड्रम काढताना तो अडला तर हातोड्याने झोडपू नये. जुन्या ड्रमच्या काठाशी झिजेमुळे उंचवटा तयार झालेला असतो आणि शू त्यात अडकतात. म्हणून मागच्या छिद्रातून ॲडजस्टर आधी सैल करावा. कित्येक ड्रमना आटे पाडलेली दोन छिद्रे याच कामासाठी ठेवलेली असतात. त्यांत बोल्ट सारखे पिळत नेले म्हणजे ड्रम स्वतःच सुटून येतो. आतील भुकटी फुंकरीने किंवा हवेच्या झोताने कदापि उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसांना अत्यंत अपायकारक आहे. ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी व फडके टाकून द्यावे.

ड्रम निघाल्यावर प्रथम काही न हलवता सर्व रचना नीट न्याहाळावी, आणि दुसऱ्या बाजूचे चाक नमुना म्हणून अद्याप जुळलेले ठेवावे. व्हील सिलिंडरच्या टोकावरील रबरी टोपी हळूच उचलून पाहावी. आत तेलाचा ओलावा असेल तर कप गळत आहेत, आणि तांबूस गंज असेल तर दट्ट्या अडकत आहे. आतील भिंतीला खड्डे पडले असल्यास नुसते कपांचे किट टाकून भागत नाही, सिलिंडरच नवा घ्यावा लागतो. बॅकप्लेटवरच्या ज्या उंचवट्यांवर शूची कड सरकते तेथे झिजून खाच पडलेली असते. शू त्या खाचेत अडकून बसतो. खाच उथळ असेल तर घासून सपाट करावी, आणि उष्णतेत न वितळणारे ब्रेकचे ग्रीस तेथे अगदी पातळ लावावे, इतके पातळ की त्याचा कणही लायनरपर्यंत पोहोचणार नाही. स्प्रिंगांचे वेटोळे एकमेकांस न भिडता उघडे दिसत असेल किंवा तापून त्यांच्यावर निळसर छटा आली असेल, तर त्या बदलल्याच पाहिजेत.

जुळणीतील एक चूक इतकी सार्वत्रिक आहे की तिचा उल्लेख स्वतंत्रपणे केला पाहिजे. लायनर झिजले की हँडब्रेकचा दांडा जास्त वर येऊ लागतो, आणि मग पुष्कळ ठिकाणी ड्रमला हात न लावता नुसती केबल ताणून देण्यात येते. दांडा पूर्वीसारखा दोन-चार खटक्यांत लागतो आणि गिऱ्हाईक संतुष्ट होते. परंतु ताणलेल्या केबलमुळे शू आपल्या विश्रांतीच्या जागी कधीच बसत नाहीत, आपोआप जुळवून घेणारी रचना निकामी होते आणि रस्त्यावर थोडे अंतर जाताच चाक तापू लागते. योग्य क्रम असा की केबल प्रथम पूर्ण सैल करावी, ॲडजस्टर फिरवून शू ड्रमला भिडेपर्यंत बाहेर आणावेत, मग चाक मोकळे फिरेपर्यंत काही दाते मागे घ्यावेत, पेडल काही वेळा दाबून शू मध्यावर बसू द्यावेत, आणि सर्वांत शेवटी केबलचा उरलेला सैलपणा तेवढा काढावा.

चुकीच्या तेलाचा अपराध याहून गंभीर असतो. इंजिन ऑइल किंवा खनिज तेलाचा अल्प अंश ब्रेकच्या टाकीत गेला तरी आतील रबर फुगते. टाकीच्या झाकणाखालचे रबर फुगून सुरकुतलेले दिसले तर हा दोष उघड झाला असे समजावे. अशा वेळी सर्व नळ्या धुऊन काढणे आणि सारे रबरी भाग, होज पाइपांसह, बदलणे आवश्यक असते. एकट्या मास्टर सिलिंडरवर भागवले तर दूषित तेल उरलेल्या कपांना फुगवते आणि तीच तक्रार दुसऱ्या चाकातून परत येते.

मागच्या चाकांना डिस्क असलेल्या गाड्यांत तत्त्व तेच, पण शूंना ओढणाऱ्या त्या स्प्रिंगा नसतात. कॅलिपरमधील दट्ट्याभोवतीची चौकोनी छेदाची रबरी कडी दाबाने किंचित वाकते आणि दाब ओसरताच सरळ होऊन दट्ट्याला मिलिमीटरच्या अल्पांशाने मागे घेते. सारी सुटका एवढ्याशा हालचालीवर अवलंबून असते. म्हणून दट्ट्यावरचा गंज, कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यांतील सुकलेले वंगण आणि पॅडच्या बैठकीत साठलेली घाण ही येथील प्रमुख कारणे होत. पिना साफ करून त्यांना सिलिकोन ग्रीस लावावे, आणि कॅलिपरवरचा हँडब्रेकचा दांडा आपल्या थांब्यापर्यंत पूर्ण परततो की नाही ते पाहावे. अशा कॅलिपरचे दट्टे बहुधा आट्यांचे असतात. ते सरळ दाबून आत जात नाहीत, फिरवत फिरवतच न्यावे लागतात, आणि विजेवर चालणारा हँडब्रेक असल्यास गाडी आधी दुरुस्तीच्या अवस्थेत आणल्याशिवाय त्यांना हात लावू नये.

परिणामांची दुरुस्ती

कारण दूर केले म्हणजे काम संपले असे नाही. उष्णतेने जे नासले आहे त्याचाही बंदोबस्त केला पाहिजे. ड्रमच्या आत निळे डाग अथवा भेगा आहेत काय, तो लंबगोल झाला आहे काय, हे मोजून पाहावे. लेथवर चढवून तो नीट करता येतो, पण त्यावर कोरलेल्या कमाल व्यासापलीकडे तो कापणे म्हणजे धोक्याला निमंत्रण होय. चकाकी आलेले, करपलेले वा तेलाने भिजलेले लायनर घासून वापरू नये. शू नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत, नाहीतर गाडी असमान थांबते. ज्या चाकाने ताप सोसला आहे त्याच्या व्हील सिलिंडरचे कप, बेअरिंगचे ग्रीस व सील तपासावे आणि जुने तेल पूर्ण काढून नवे भरावे. भरल्यावर चारही निपलमधून क्रमाने एअर काढावी. तेल रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे, कारण ते रंग खाते.

वाटेत चाकातून धूर येऊ लागला तर रस्त्याच्या कडेला गाडी थांबवावी, गिअरमध्ये ठेवावी, चाकांना दगड लावावेत, पण हँडब्रेक लावू नये. तापून प्रसरण पावलेला ड्रम थंड होताना शूंवर आकसतो आणि त्यांना अधिकच आवळून धरतो. लालबुंद लोखंडावर पाणीही ओतू नये, कारण अवचित थंड होण्याने ड्रमला तडा जाऊ शकतो. अर्ध्या तासाने पेडल टणक लागते काय आणि गाडी ढकलता येते काय हे पाहावे. यांपैकी एकही उत्तर नकारार्थी असेल तर ती गाडी ओढूनच न्यावी. विशेषतः पुढे घाट असेल तर थोडक्यासाठी साहस करू नये.

हा प्रसंगच येऊ नये म्हणून करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत, साधारणतः दर दोन वर्षांनी, ब्रेक ऑइल बदलावे. पावसाळ्यात गाडी अनेक दिवस उभी राहणार असेल तर ती सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावावेत आणि हँडब्रेक सोडून ठेवावा. मागचे ड्रम वर्षातून एकदा उघडून, पुसून, सरकत्या जागा तपासून बंद करावेत.

दुरुस्तीनंतर गाडी ताब्यात घेताना मात्र मालकाने एक आग्रह धरलाच पाहिजे. गॅरेजच्या दाराशी जोरात नेऊन करकचून थांबवणे ही ब्रेकच्या अर्ध्याच कर्तव्याची परीक्षा झाली. उरलेल्या अर्ध्यासाठी चाक उचलून हाताने फिरवून पाहिले पाहिजे, हँडब्रेक लावून व सोडून ते पुन्हा फिरवले पाहिजे, आणि काही किलोमीटर चालवून डाव्या-उजव्या चाकांची उष्णता ताडून पाहिली पाहिजे. गाडी थांबते हे कळण्यास एक क्षण पुरतो. ती मोकळी धावते हे कळण्यास अर्धा तास लागतो. या अर्ध्या तासाची काटकसर करणाराला पुढे शू, ड्रम, बेअरिंग आणि क्वचित प्राण या रूपाने त्याची भरपाई करावी लागते. म्हणून चाक मोकळे फिरते याचा पुरावा पाहिल्याशिवाय दुरुस्तीचे पैसे चुकते करू नयेत, आणि ज्याला आपल्या धंद्याचा अभिमान आहे त्या कारागिरानेही तो दाखवल्याशिवाय ते मागू नयेत.